मेलेल्या कोंबडीवर कोण कोण येतं? मृतभक्षी कीटकांच्या पहिल्या अभ्यासाची मांडणी

गावाबाहेर टाकलेलं मेलेलं जनावर दोन-तीन आठवड्यांत कातडं, हाडं आणि जमिनीवरचा काळपट तेलकट डाग एवढ्यावर येतं. तिथे कुत्री आणि कावळे दिसतात, म्हणून सगळं काम त्यांचंच असं वाटतं. प्रत्यक्षात मऊ मांसाचा मोठा वाटा माश्यांच्या अळ्या खातात आणि वाळलेलं कातडं भुंगेरे संपवतात. ठरावीक तापमानाला या कीटकांचा येण्याचा क्रम आणि वाढीचा वेग बऱ्यापैकी ठरलेला असतो. मृत्यूची वेळ काढायला न्यायवैद्यकात हेच ज्ञान वापरतात.

प्राणिशास्त्राच्या प्रकल्पासाठी किंवा निसर्गमंडळातर्फे हा अभ्यास पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी हा लेख आहे. एक कोंबडी, तारेचा पिंजरा आणि दोन-तीन आठवडे रोज हजर राहायची तयारी एवढ्यावर तो होतो. किळस पहिल्या दोन दिवसांत मावळते. नेटाने करावी लागते ती नोंद.

१. कोणतं मढं घ्यायचं

चिकनच्या दुकानातून दीड ते दोन किलोची एक ब्रॉयलर कोंबडी घ्या. कापून द्या, पण सोलू नका, पिसं आणि आतडी तशीच राहू द्या, असं आधीच सांगा. सोललेली कोंबडी वाळते वेगळी आणि कुजते वेगळी. अभ्यासासाठी मुद्दाम वेगळा प्राणी मारू नका. दुकानात रोज कापल्या जाणाऱ्यांपैकीच एक पुरते. शाळेच्या छोट्या प्रकल्पाला दोन ताजे बांगडेही चालतात, पण बांगडा इतक्या लवकर संपतो की उशिरा येणारे भुंगेरे त्यावर फारसे दिसत नाहीत.

काय घ्यायचं नाही, हे जास्त महत्त्वाचं आहे.

- रस्त्यात मेलेला मुंगूस, कोल्हा, घुबड, साप उचलू नका. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार मेलेला वन्यप्राणी सरकारी मालमत्ता ठरतो. त्याची हाडं घरी आणणंही अडचणीचं आहे.
- अचानक मेलेली गाय, म्हैस, शेळी असेल आणि नाकातोंडातून किंवा गुदद्वारातून काळपट, न गोठणारं रक्त येत असेल, तर जवळही जाऊ नका. हे अँथ्रॅक्सचं, म्हणजे फाशी रोगाचं लक्षण असू शकतं. त्याचे बीजाणू मातीत वर्षानुवर्षं टिकतात. पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा.
- रोगाने मेलेल्या कोंबड्या फुकट मिळाल्या तरी नकोत.
- विष खाऊन मेलेला उंदीर नको. विष आणि औषधं अळ्यांच्या अंगात उतरतात आणि त्यांची वाढ बदलते, त्यामुळे तुमचे आकडे निरुपयोगी होतात. गटारातल्या उंदरात लेप्टोस्पायरोसिसचा धोकाही आहे.

औषध मढ्यातून पुढे कुठवर जातं याचं मोठं उदाहरण आपल्याकडेच घडलं. गुरांना दिलेलं डायक्लोफिनॅक मढ्यांतून गिधाडांच्या पोटात गेलं आणि गिधाडं संपत आली. गुरांसाठीच्या त्याच्या वापरावर २००६ मध्ये बंदी आली. पूर्वी गिधाडांचा थवा पाहता पाहता उरकत असे ती मढी आता कुत्री आणि कीटकांच्या वाट्याला येतात.

२. जागा आणि हंगाम

वस्ती, विहीर आणि ओढ्यापासून किमान शंभर मीटर दूरची जागा निवडा. मालकाची परवानगी घ्या, शेजारच्या शेतकऱ्यालाही सांगून ठेवा. न सांगता ठेवलेल्या मढ्यावरून भांडण होतं आणि तिसऱ्या दिवशी कोणीतरी ते उचलून फेकून देतं.

अर्धवट सावली उत्तम. एप्रिल-मे महिन्यांत मराठवाड्यात किंवा विदर्भात उघड्या उन्हात कोंबडी ठेवली, तर वरचं कातडं चामड्यासारखं कडक होतं. मग अळ्या आतून खात राहतात आणि बाहेरून काहीच दिसत नाही. जोराच्या पावसात मढ्यात पाणी साचतं, अंडी वाहून जातात, भुंगेऱ्यांसाठी जमिनीत पुरलेले ग्लास पाण्याने भरतात. पहिल्या खेपेला ऑक्टोबरच्या अखेरीपासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंतचा काळ धरा.

बसून दहा मिनिटं जमीन न्याहाळा. लाल मुंग्यांचं किंवा मुंगळ्यांचं वारूळ चार-पाच मीटरच्या आत असेल तर जागा बदला. मुंग्या या परिसंस्थेचा भाग आहेत, थोड्या आल्या तर येऊ द्या. पण वारुळाशेजारी ठेवलेल्या मढ्यावरची अंडी आणि लहान अळ्या त्या तासाभरात उचलून नेतात आणि मग माश्या आल्याच नाहीत अशी चुकीची नोंद होते. मुंग्यांची पावडर किंवा फवारा अजिबात वापरू नका. तुमचे कीटकही त्यानेच मरतील.

३. सामान

- एक इंची भोकांची वेल्डेड तारेची जाळी, साधारण दोन मीटर
- लोखंडी गजाचे चार तुकडे, बांधायची तार, चार विटा
- कमाल-किमान तापमापक, आणि शिजणाऱ्या मांसात खुपसतात तसा टोकदार डिजिटल तापमापक
- कीटक पकडायची जाळी, मऊ टोकाचा चिमटा, बारीक रंगाचा ब्रश
- झाकणाच्या लहान बाटल्या, निदान चाळीस
- ७० ते ८० टक्के अल्कोहोल. इथेनॉल महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतून मिळतं, नाहीतर औषधाच्या किंवा रसायनांच्या दुकानातलं आयसोप्रोपिल चालतं
- गरम पाण्याचा थर्मास
- जाड प्लॅस्टिकच्या बरण्या, मलमल, रबर, लाकडाचा भुसा किंवा कोरडी वाळू
- खुरपं, पिठाची जुनी चाळणी, पांढरा ट्रे
- १० पट मोठं दाखवणारं भिंग
- नायट्राइल हातमोजे, मास्क, गुडघ्यापर्यंतचे गमबूट, साबण
- पेन्सिल आणि जाड कागद. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते आणि महिन्याभराने बाटलीत कोरी चिठ्ठी उरते

धनुर्वाताचं इंजेक्शन अलीकडे घेतलेलं नसेल तर आधी घ्या. हातावर उघडी जखम असेल तर त्या दिवशी नोंद लिहायचं काम घ्या, मढ्याला हात दुसऱ्याला लावू द्या.

४. पिंजरा

दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दीड फूट उंच. खालची बाजू पूर्ण उघडी ठेवा. चारही कोपऱ्यांत गज निदान एक फूट आत ठोका, जाळी त्यांना तारेने बांधा, वरचं झाकण उघडता येईल असं ठेवून त्यावर विटा ठेवा. भटकी कुत्री पहिल्याच रात्री खालून उकरतात, म्हणून जाळीच्या कडा चार बोटं मातीत पुरा.

नवखे लोक स्वच्छतेच्या विचाराने कोंबडी प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये ठेवतात. त्यात चौथ्या दिवशी काळा रस साचतो, अळ्या त्यात बुडून मरतात आणि उरलेल्यांना कोष करायला माती मिळत नाही. माश्यांच्या अर्ध्या आयुष्याची गोष्ट मातीत घडते. मढं थेट जमिनीवरच हवं.

पिंजऱ्याच्या चार बाजूंना, मढ्यापासून फूटभर अंतरावर, एकेक प्लॅस्टिकचा ग्लास कडेपर्यंत जमिनीत पुरा. त्यात एक तृतीयांश पाणी, चिमूटभर मीठ आणि भांडी घासायच्या द्रवाचे दोन थेंब घाला. रात्री जमिनीवरून येणारे भुंगेरे यात सापडतात.

५. शून्य तास

कोंबडी मेली तो क्षण म्हणजे शून्य तास. पुढची प्रत्येक नोंद इथून मोजायची आहे. दुकानात कापली त्याच मिनिटाची वेळ लिहा आणि तिथल्या तिथे दोन पिशव्यांत घालून तोंड घट्ट बांधा.

ही घाई गरजेची आहे. दुकानात माश्या असतातच आणि मान कापलेल्या कोंबडीवर पाच मिनिटांत अंडी पडू शकतात. तशी कोंबडी तुम्ही दोन तासांनी जागेवर नेऊन ठेवली, तर तुमचं घड्याळ दोन तास मागे आणि तुम्हाला पत्ताही नाही. जागेवर पिशवी उघडल्यावर मानेचा काप, चोच, डोळे आणि गुदद्वार भिंगाने पाहा. अंडी दिसली तर ती ब्रशने काढून टाका आणि तसं लिहा. फ्रीजमध्ये ठेवलेली कोंबडी नको. थंडीने आतल्या जिवाणूंचं कामही मंदावतं.

सकाळी आठ-नऊच्या सुमारास ठेवा. या माश्या साधारणपणे रात्री अंडी घालत नाहीत. संध्याकाळी सहाला ठेवलेल्या मढ्यावर पहिली अंडी दुसऱ्या दिवशी दिसतात आणि नवखा माणूस उशीर का झाला याचं भलतंच कारण शोधत बसतो.

जमलं तर दुसरी कोंबडी तुलनेसाठी ठेवा, तीवर माशीला पोचू न देता. १६६८ मध्ये इटलीत फ्रान्चेस्को रेडी यांनी हेच केलं. झाकलेल्या मांसात अळ्या झाल्या नाहीत आणि कुजण्यातूनच अळ्या जन्मतात हा समज हलला. मच्छरदाणीचं कापड मढ्याला चिकटू देऊ नका. सगळ्या बाजूंनी वीतभर अंतर राहील असा तंबू करा, कापड दुहेरी घ्या, कडा मातीत दाबा. नाहीतर माशी कापडावरून खाली अळ्या सोडते. १९६५ मध्ये जेरी पेन यांनी अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिनात डुकराच्या मेलेल्या पिल्लांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. कीटकांना खुल्या पिल्लांचं ९० टक्के वजन सहा दिवसांत संपलं. कीटकांपासून राखलेल्यांचं २० टक्के वजन १०० दिवसांनंतरही शिल्लक होतं. तुमची झाकलेली कोंबडी हा फरक डोळ्यांनी दाखवेल.

६. पहिले ७२ तास

पहिले तीन दिवस दिवसातून तीनदा जा: सकाळी आठ, दुपारी एक, संध्याकाळी पाच. नंतर दिवसातून एकदा पुरे. दर वेळी क्रम एकच ठेवा. आधी लांबून फोटो, मग जवळून फोटो, मग तापमान, मग उडणाऱ्या माश्या जाळीने, शेवटी अंडी आणि अळ्या. आधी पिंजऱ्यात हात घातला तर माश्या उडून जातात आणि मोजणी फसते.

पहिली हिरवी-निळी चमकदार माशी बहुधा काही मिनिटांतच येते. आपल्याकडे ती बरेचदा क्रायसोमाया मेगासेफाला असते. अंग जाड, डोळे मोठे विटकरी लाल. मादी उघड्या भागांजवळ फिरते आणि शेपटीचं टोक लांबवून पिसांच्या बुडाशी, चोचीच्या कडेला, मानेच्या कापात अंडी घालते. अंडी पांढरी, लांबट, जेमतेम दीड मिलिमीटरची, तांदळाच्या कणीचा गुच्छ चिकटवल्यासारखी. एका खेपेला दोनशेहून जास्त असू शकतात. २८-३० अंश तापमानात ती साधारण अर्ध्या ते पाऊण दिवसात फुटतात.

इथे एक फसगत नेहमी होते. ठेवल्यापासून दोन-तीन तासांतच चालत्या अळ्या दिसतात आणि दुकानातच अंडी पडली असणार असं वाटतं. आधी आलेल्या माश्या तपासा. करड्या रंगाची, पाठीवर तीन काळे पट्टे आणि पोटावर बुद्धिबळाच्या पटासारखी चौकट असलेली माशी असेल तर ती मांसमाशी, म्हणजे सार्कोफॅगा गटातली. ती अंडी घालत नाही, जिवंत अळ्याच सोडते. घड्याळ चुकलेलं नसतं.

दुसऱ्या दिवशी पोट फुगतं आणि कातडीवर हिरवट छटा येते. हा वायू आतल्या जिवाणूंचा आहे. पोटाला भोक पाडून वायू सोडू नका, तो पुढच्या क्रमाचा भाग आहे.

७. अळ्यांचा गोळा

दुसऱ्या दिवसाच्या अखेरीपासून अळ्या एकत्र जमून खातात. छाती आणि पोटाजवळची पिसं चिमट्याने बाजूला केली की हजारो अळ्या उकळत्या भातासारख्या हलताना दिसतात. तोंडं खाली, शेपट्या वर. शेपटीकडे श्वासाची छिद्रं असल्यामुळे रसात बुडूनही त्यांना श्वास घेता येतो.

टोकदार तापमापक गोळ्याच्या मध्यभागी घाला आणि दोन मिनिटं थांबा. हवा २८ अंश असेल तर इथे ३८-४० किंवा त्याहून जास्त दिसू शकतं. गोळा स्वतःच उष्णता तयार करतो, म्हणून आतल्या अळ्या हवेच्या तापमानाच्या हिशोबापेक्षा वेगाने वाढतात. फक्त हवेचं तापमान लिहिणाऱ्याचं वयाचं गणित इथेच चुकतं. दोन्ही आकडे लिहा.

नमुना घेताना सगळ्यात मोठ्या अळ्या, मध्यम अळ्या आणि वेगळ्या दिसणाऱ्या अळ्या असे तीन गट करा, प्रत्येकी दहा ते पंधरा. मोठ्या अळ्या सर्वात आधीच्या अंड्यांतल्या असण्याची शक्यता जास्त, म्हणून त्या सोडू नका. गोळ्याच्या वर, आत आणि खालच्या मातीतून, तिन्हीकडून घ्या.

अंगावर मांसल काट्यांच्या रांगा असलेली अळी दिसली तर तिला वेगळी बाटली द्या. ती क्रायसोमाया रुफिफेसीस. वय वाढलं की ती इतर माश्यांच्या अळ्या खाते, म्हणून चौथ्या-पाचव्या दिवसापासून कधी कधी जवळजवळ तीच उरते. बाकीच्या माश्या आल्याच नाहीत, असा निष्कर्ष तेव्हा काढू नका. या माशीची आणखी एक गोष्ट वहीत लिहून ठेवण्यासारखी आहे. एक मादी फक्त मुलगेच देते किंवा फक्त मुलीच.

अळीचं खाणं चालू असेल तर पातळ कातडीतून पुढच्या भागात गडद पिशवी दिसते. खाणं थांबलं की ती लहान होत जाते आणि अळी फिकट, पिवळसर दिसते. हा टप्पा अळ्या मढं सोडून मातीकडे निघण्याआधीचा.

८. अळ्या वाढवून माशी मिळवा

नुसत्या अळीवरून जात ओळखणं सरावलेल्यालाही कठीण जातं. म्हणून प्रत्येक वेळचा निम्मा नमुना मारायचा आणि निम्मा वाढवायचा. हे टाळलं तर आठवड्याभराच्या मेहनतीचा शेवट शंभर बाटल्यांतल्या ओळख न पटलेल्या अळ्यांवर होतो.

बरणीच्या तळाशी बोटभर जाडीचा कोरडा भुसा घाला. अॅल्युमिनियम फॉइलची उघडी पुडी करून त्यात पन्नास अळ्यांमागे साधारण ७५ ग्रॅम बकऱ्याचं किंवा कोंबडीचं काळीज ठेवा. अळ्या काळजावर सोडा, तोंडाला मलमल बांधा, रबर दोनदा फिरवा. बरणी सावलीत, ओंजळीत घेता येईल इतकी थंड राहील अशा जागी ठेवा.

हमखास बिघडतं ते असं:

- काळीज आधीच उघडं राहिलं आणि त्यावर बाजारातल्याच माश्यांची अंडी आली. आणल्यावर एक रात्र फ्रीझरमध्ये ठेवून नंतर नेहमीच्या तापमानाला आणा.
- अळ्या जास्त आणि अन्न कमी. मग खुज्या माश्या निघतात आणि मापं चुकतात.
- भुसा ओला झाला. कोषांवर बुरशी येते. ओला वाटला की वरचा थर बदला.
- काटेरी अळ्या गुळगुळीत अळ्यांसोबत ठेवल्या. चार दिवसांनी बरणीत फक्त काटेरी.

खाणं संपल्यावर अळ्या भुशात शिरतात, आखडतात आणि त्यांची कातडीच कडक होऊन तपकिरी कोषाचं आवरण बनते. उबदार हवेत चार ते सहा दिवसांत कोषाचं टोक टोपीसारखं उघडतं. हा क्षण बघायला बसाच. माशीच्या कपाळातून पाण्याने भरल्यासारखा पांढरा फुगा बाहेर येतो, आत जातो, पुन्हा येतो, आणि त्याच्या जोरावर ती टोपी ढकलून, भुसा बाजूला सारत वर येते. तेव्हा ती राखाडी असते, पंख चुरगळलेले, उडता येत नाही, नुसती पळते. रंग आणि केस नीट चढायला दिवसभर लागतो. म्हणून निघाल्यावर २४ तास जिवंत ठेवा, साखरपाण्याचा कापूस द्या आणि मगच मारा. लगेच मारलेली माशी सुरकुतते आणि तिच्यावर कोणतंच लक्षण दिसत नाही.

दोन-तीन आठवडे होऊनही कोषातून माशी निघाली नाही आणि आवरणावर टाचणीने टोचल्यासारखं भोक दिसलं, तर नॅसोनिया व्हिट्रिपेनिस ही इवलीशी गांधीलमाशी तिथे आधी पोचली होती. ती माशीच्या कोषात आपली अंडी घालते. बरणीच्या कडेला दोन मिलिमीटरचे काळे-हिरवट जीव दिसतील. तेही बाटलीत घ्या.

९. मारणं आणि जपणं

जिवंत अळी थेट अल्कोहोलमध्ये टाकली की ती आखडते आणि काळी पडते. लांबीचं माप गेलं म्हणजे वयाचा अंदाज गेला. आधी थर्मासमधल्या, उकळीच्या जरा खालच्या पाण्यात तीस सेकंद बुडवा. अळी सरळ, पांढरी, ताठ होते. मग अल्कोहोलमध्ये ठेवा. द्रव अळ्यांच्या निदान तिप्पट हवा आणि दुसऱ्या दिवशी तो बदला, कारण अळ्यांतलं पाणी त्यात उतरून तो पातळ होतो. फॉर्मेलिन नको.

मोठ्या माश्या आणि भुंगेरे बाटलीत घालून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवले की पुरे. टाचणी माशीच्या छातीच्या उजव्या बाजूतून आणि भुंगेऱ्याच्या उजव्या कठीण पंखातून घाला, डावी बाजू पूर्ण अखंड राहते. पेटीत डांबरगोळी ठेवा, नाहीतर संग्रह खाणारे भुंगेरे तुमच्याच पेटीत शिरतात.

प्रत्येक बाटलीत आत चिठ्ठी: ठिकाण, तारीख, वेळ, शून्य तासापासून किती तास, मढ्याचा कोणता भाग, गोळ्याचं तापमान. बाटलीच्या बाहेर चिकटवलेली चिठ्ठी निघून पडते.

१०. माती आणि भुंगेरे

पाचव्या दिवसापासून माश्यांची गर्दी ओसरते आणि बरेच जण इथेच थांबतात. थांबू नका. आठव्या-नवव्या दिवशी मढ्याभोवती अर्धा फूट, एक फूट आणि दोन फूट अंतरावर तळहाताएवढी माती दोन इंच खोल खुरप्याने काढा आणि चाळा. तपकिरी कोष तिथे मिळतील. रिकामा कोष, टोक उघडलेला, म्हणजे माशीची एक पिढी बाहेर पडली. भरलेला कोष बरणीत ठेवून माशी मिळवा.

आता येणारे भुंगेरे सावकाश बघायचे. काळपट, बाजूंना पांढरी लव आणि पोटाखाली पांढरा असलेला सहा ते दहा मिलिमीटरचा डर्मेस्टिस मॅक्युलॅटस. त्याची अळी तपकिरी, केसाळ, शेपटीवर दोन वाकडे काटे. ओलं मांस याला नको, वाळलेलं कातडं हवं. त्याच्याबरोबर निळा-हिरवा, लाल पायांचा नेक्रोबिया रुफिपेस. कोकणात वखारीत सुकी मासळी खराब करणारे हेच दोघे, त्यामुळे सुकटीच्या पोत्यात हे पाहिलेले लोक इथे त्यांना लगेच ओळखतात. काळे, चमकदार, गोलसर सॅप्रिनस भुंगेरे अळ्या खायला येतात, आखूड पंखांचे लांबोडके भुंगेरेही त्याच कामाला. अगदी शेवटी, पिसं आणि कोरडं कातडं उरल्यावर, मातीच्या ढेकळासारखे खडबडीत ओमॉर्गस भुंगेरे हात लावला की मेल्याचं सोंग घेतात, आणि बारीक नळीत राहणाऱ्या पतंगांच्या अळ्या पिसं कुरतडतात.

मढं पुरणारे निक्रोफोरस भुंगेरे इंटरनेटवर सगळीकडे दिसतात, म्हणून लोक इथे त्यांची वाट बघतात. आपल्या देशात ते हिमालयाच्या पट्ट्यात आहेत. पठारावर ते आले नाहीत म्हणून तुमची मांडणी चुकली असं समजू नका.

वाळलेल्या कातड्यावरचा डर्मेस्टिस जिवंत घरी आणू नका. तो चामडं, लोकर, पुस्तकांची बांधणी, सुके मासे काहीही खातो.

११. ओळखीची सुरुवात

अळीचं वय आधी. मागच्या टोकाचा पातळ काप घेऊन काचपट्टीवर पाहा. श्वासछिद्राच्या चकतीत दोन चिरा असतील तर अळी दुसऱ्या अवस्थेत, तीन असतील तर तिसऱ्या. चकतीभोवतीचं कडं पूर्ण बंद असेल तर ल्युसिलिया, म्हणजे मढ्यावर येणाऱ्या चमकदार माश्यांचा दुसरा गट, एके जागी उघडं असेल तर क्रायसोमाया. छिद्रं खोल खड्ड्यात लपलेली असतील तर मांसमाशी. चिरा नागमोडी असतील तर घरमाशी.

मोठ्या माशीत क्रायसोमायाच्या पोटावर खंडांच्या कडेला गडद पट्टे असतात, ल्युसिलियाचं पोट एकसारखं हिरवं किंवा तांबूस चमकतं. मेगासेफालाचं छातीवरचं पुढचं श्वासछिद्र गडद तपकिरी, रुफिफेसीसचं फिकट. हे १० पट भिंगातून सूर्यप्रकाशात दिसतं. यापुढची खात्री करायला महाविद्यालयातल्या कीटकशास्त्राच्या शिक्षकांकडे टाचणीवरचा नमुना घेऊन जा. मोबाइलचा फोटो पुरत नाही.

वयाचा ढोबळ हिशोब असा. क्रायसोमायासाठी बऱ्याचदा १० अंश हा पाया धरतात, म्हणजे त्याखालच्या तापमानाला वाढ थांबते असं मानतात. सरासरी २८ अंश असेल तर २८ उणे १० म्हणजे १८, गुणिले २४ तास, म्हणजे एका दिवसाचे ४३२ अंश-तास. तुमच्या बरणीत अंडं ते माशी किती अंश-तास लागले ते काढा. दुसऱ्या कोणाच्या गावचा तक्ता उतरवून घेण्यापेक्षा हा आकडा तुमच्या कामाचा आहे.

१२. आवरणं

साधारण तीन आठवड्यांनी हाडं, पिसं आणि कातड्याचे तुकडे उरले की शेवटचे फोटो घ्या, खालची माती एकदा शेवटची चाळा, आणि उरलेलं दोन-तीन फूट खोल खड्ड्यात चुन्याचा थर घालून पुरा. पुरलेले ग्लास काढा. ते तसेच राहिले तर त्यात पुढे महिनाभर बेडूक आणि सरडे पडून मरतात. पिंजरा, चिमटे आणि ट्रे एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी या द्रावणात दहा मिनिटं बुडवून उन्हात वाळवा.

बरण्यांत अजून कोष शिल्लक असतील तर त्या फेकू नका. शेवटची माशी निघेपर्यंत रोज सकाळी एकदा बघा आणि तिची तारीख आणि वेळ त्याच वहीत, त्याच रकान्यात लिहा.